टाकी कुठं आहे, असं विचारणाऱ्या काकू

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. खानापूरकडच्या एका खेड्यात मी मराठी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती म्हणून घरीच राहिले. लग्न होऊन म्हैसूरला आल्यापासून तर मराठीत वाण्याची चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, कारण वाण्याला कन्नड लागतं. आमच्या ह्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं. घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचता कोणालाच येत नाही. मुलगी रेखा कन्नड वाचते, इंग्रजी वाचते. म्हणजे मी लिहिलेलं घरात कोणी वाचणार नाही, आणि तेच बरं आहे. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. कागद मध्येच "काय म्हणालात?" असं विचारत नाही.

समोरच्या घरातल्या काकूंना वाचता आलं असतं. त्या कारवारकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. पण त्या आता नाहीत.

काकू कोणाच्याही घरी गेल्या की पुढं आलेला पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, "टाकी कुठं आहे?" लोक गच्चीकडे बोट दाखवायचे. काकू म्हणायच्या, "ती नव्हे. खालची. संडासाची." समोरच्या माणसाचा चेहरा बदलायचा. काकूंचा बदलायचा नाही. टाकी कुठं, विहीर किंवा बोअर कुठं, शेवटची कधी उपसली, एवढं कळेपर्यंत पेला हातातच असायचा. उत्तर पटलं तर पाणी प्यायच्या. नाही पटलं तर पेला तसाच खाली ठेवून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

म्हैसूरच्या कडेच्या आमच्या हूटगळ्ळीत नवीन घरं रोज उठतात, त्यामुळे गृहप्रवेश पुष्कळ. एका गृहप्रवेशाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. घरधन्यानं आम्हाला देवघराचा संगमरवर दाखवला, स्वयंपाकघरातले ड्रॉवर उघडून दाखवले. काकूंनी टाकीचं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्यानं मेस्त्रीला फोन लावला. मेस्त्री म्हणाला, पोर्चखाली आहे. काकूंनी विचारलं, झाकण? झाकणावर फरशी बसवली होती, छान दिसावं म्हणून. मी हळदीकुंकू घेतलं, काकूंनी नारळ घेतला आणि त्या पायस न खाता निघाल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, काकू, पायस दुधाचं होतं.

"दुधात पाणी घालतात गो," काकू म्हणाल्या.

पुतण्यासाठी मुलगी बघायला त्या जयलक्ष्मीपुरमला गेल्या तेव्हाही हेच. मुलीनं पाणी आणलं, काकूंनी टाकीचं विचारलं. मुलीच्या वडिलांनी जरा मानानं सांगितलं की आमच्याकडे टाकी नाही, मोठी गटार लाइन आहे. काकू म्हणाल्या, "छान. आणि पुढं कुठं जातं?" वडिलांनी आपल्या मुलाकडे बघितलं, मुलानं आईकडे. ते कोणालाच माहीत नव्हतं. लग्न झालं, मुलगी चांगली निघाली. पण काकू तिला अधूनमधून म्हणायच्या, तुझ्या माहेरचं सगळं कळलं, तेवढं एक कळलं नाही.

गल्लीतल्या कन्नड बायका त्यांना पाठीमागे गुंडी अम्मा म्हणायच्या. गुंडी म्हणजे खड्डा. काकूंना ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं, निदान खड्ड्याचं नाव लोकांच्या तोंडात तरी राहतं.

आमच्या गल्लीत एक विहीर आहे. घरांचे प्लॉट पडण्याआधी तिथं नारळाची बाग होती, तेव्हाची. नळाचं पाणी येतं तेव्हा येतं, म्हणून तीन घरांनी विहिरीवर मोटर लावली आहे. आम्ही, शेजारच्या ललितक्का, आणि समोर काकूंचा मुलगा गिरीश. नवरा गेल्यावर कारवारकडचं घर विकून काकू ह्या मुलाकडे आल्या होत्या. गटाराची लाइन येणार, येणार, असं ऐकतच आम्ही सगळे राहायला आलो. म्हणून प्रत्येकाची टाकी आपापली.

आम्ही नवीन होतो तेव्हा काकू पहिल्यांदा घरी आल्या आणि पेला हातात घेऊन त्यांनी विचारलं. आमच्या ह्यांनी कौतुकानं मागच्या भिंतीजवळची टाकी दाखवली. मेस्त्रीनं तिचा तळ कच्चाच ठेवला होता. पाणी जमिनीत मुरत जातं, टाकी कधी भरतच नाही, उपसायचा खर्च नाही, असं हे सांगत होते. काकूंनी भिंतीपलीकडे मान लांब करून बघितलं. भिंतीपलीकडे विहीर होती.

"भरत नाही ती टाकी नव्हे," काकू म्हणाल्या. "ती चाळण." आणि पेला ठेवला.

हे चिडले. काकू गेल्यावर मला म्हणाले, म्हातारीला दुसरा विषय नाही. पण त्या वर्षी रेखाचं पोट सारखं बिघडायचं. महिन्यातून एकदा तरी शाळा चुकायची, पोर काटकुळी झाली. ललितक्कांच्या धाकट्याचंही तेच. डॉक्टर गोळ्या द्यायचे आणि पाणी उकळा म्हणायचे. आम्ही उकळायचो, विसरायचो, पुन्हा उकळायचो. दोष कोणाचा, यावर गल्लीत तीन मतं होती. ह्यांचं मत, विहिरीत बेडूक मेला असणार. ललितक्कांचं मत, कारवारची माणसं मासे धुतात, ते पाणी झिरपत असणार. काकू नुसत्या आमच्या भिंतीकडे बघायच्या.

एक दिवस त्या ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही रंगारी ना? घरात रंग असेल." आमच्या ह्यांचं घराणं कापड रंगवणारं, छापणारं. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ते काम केलं. हे आता एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत, पण सासऱ्यांचा राणी रंगाचा डबा माळ्यावर जपून ठेवलेला होता. काकूंनी सांगितलं, त्यातला चिमूटभर संडासात टाका, पाणी ओता आणि रोज विहिरीत डोकावून बघा. रंग दिसला नाही तर मी जाहीर माफी मागेन, आणि तुमच्याकडे पोटभर पाणी पिईन.

हे लगेच तयार झाले. चिमूटभर एवढंच सांगितलं होतं, मी तिथंच उभी होते. पण ह्यांच्या घरात चिमूटभर रंग कोणी कधी वापरला नव्हता. फिकट रंग दिला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, असं सासरे म्हणायचे, आणि ते ह्यांच्या अंगात भिनलेलं. ह्यांनी चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, पाणी तापवलं, डब्यातला सगळा रंग त्यात कालवला, जुन्या धोतरातून गाळून घेतला. मग मीठ घातलं. मी विचारलं, मीठ कशाला? हे म्हणाले, रंग धरायला. इतक्या वर्षांनी हातात काम आलं म्हणून खुशीत होते. सगळं पातेलं संडासात ओतलं आणि वर पाच-सहा बादल्या पाणी.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. हे काकूंच्या दारावरून मुद्दाम शीळ घालत जायचे.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी ललितक्का आल्या. त्यांचा नवरा बँकेत शिपाई, त्याचा पांढरा युनिफॉर्म त्यांच्या हातात होता. तो आता पांढरा नव्हता. त्यांनी तो ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी कापड बोटांत घेतलं, उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हा आता जाणार नाही."

तेवढ्यात समोरून काकू आल्या, हातात झाकलेली ताटली. ताटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. चार इडल्या होत्या, गुलाबी.

"चांगला धरलाय," काकू म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रडूही आलं. नळाला रंगीत पाणी आलेलं दिसलं नाही का, असं मी नंतर विचारलं. काकू म्हणाल्या, दिसलं की. तरी केल्या. दाखवायला हातात काहीतरी हवं.

ह्यांनी खाली बघत म्हटलं, "चिमूटभर रंग दिसला नसता, काकू."

"दिसला असता. विहिरीत. तुम्हाला आणि मला," काकू म्हणाल्या. "आता गल्लीला दिसला."

ललितक्का माझ्याकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "अय्यो अक्का, म्हणजे इतके दिवस माझा मुलगा तुमच्या घरचं पीत होता म्हणा की." मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले. ती घासलेलीच होती.

त्यानंतर तिन्ही घरांच्या मोटरी बंद झाल्या. टँकरचं पाणी विकत घ्यायची पाळी आली. ललितक्का दारात रांगोळी काढताना माझ्याकडे पाठ करून बसायच्या. रस्त्यावर पोरं रेखाला गुलाबी म्हणायची. हे म्हणाले, घराचं कर्ज फिटल्यावर बघू. घराचं कर्ज फिटायला रेखाचं लग्न व्हायची वेळ आली असती. तोवर टाकी गळतच राहणार होती, आणि विहीरही तशीच.

काकू दुपारी माझ्याकडे आल्या. मी घेवडा मोडत होते, त्याही मोडायला बसल्या. आणि नेहमीच्याच आवाजात त्यांनी मला खाडीकाठच्या घराचं सांगितलं. त्यांच्या नवऱ्यानं घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. मागे टाकी, कच्च्या तळाची. ती कधी भरायची नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता, काकू म्हणाल्या. काठाखाली ओहोटीला बायका बसून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या. त्यांतली एक रोज काकूंना ताज्या तिसऱ्यांची टोपली आणून द्यायची. एका हंगामात तिसऱ्या खाल्लेली माणसं आजारी पडू लागली. मग सरकारी बाई आली. तिनं काठावरच्या प्रत्येक घराच्या संडासात वेगवेगळा रंग टाकला आणि खाडीकडे बघत बसली.

"पहिला आमचाच उतरला," काकू म्हणाल्या. "लाल होता."

मी विचारलं, त्या बायका काय म्हणाल्या?

"काही नाही. तिसऱ्या कोणी घेईना. नंतर आम्ही नवी टाकी बांधली, चांगली बांधली. तोवर त्या गोव्याला कामाला गेल्या होत्या. टोपली आणणारी गोव्याला जायच्या आधी आमच्या दारावरून फिरकायचीसुद्धा नाही. लांबून वळसा घालून जायची." काकूंनी मोडलेला घेवडा माझ्याकडे सरकवला. "माझ्याकडे खाडीच्या घराचे पैसे आहेत. टाकीला लागतील तेवढे घे."

मी म्हटलं, एवढे कसे घेऊ?

"उधार घे. नुसते दिले तर टाकी विसराल. उधारीत असली की आठवण राहते."

ह्यांना पटवायला मला आठवडा लागला. मी वाद घातला नाही, नुसती रोज ताटात एक गुलाबी इडली ठेवायची धमकी दिली. रंग संपला होता, पण बीट मिळतं.

नवी टाकी घरापुढं झाली, विहिरीपासून जागेत जितकं लांब जाता येईल तितकी. पक्क्या तळाची, आत भिंती घालून कप्पे केलेली, आणि शोषखड्डा रस्त्याच्या बाजूला. जुनी उपसायच्या दिवशी मेस्त्री म्हणाला, लॉरी बोलवायला नको, माझा माणूस आत उतरून अर्ध्या तासात साफ करेल. काकूंनी घरातून खुर्ची मागवली, टाकीच्या तोंडाशी ठेवली आणि छत्री उघडून बसल्या. मेस्त्री म्हणाला, अम्मा, उठा. काकू म्हणाल्या, "आत विषारी हवा असते. मी उठले की उतर." त्या उठल्या नाहीत. जेवणाची वेळ टळली, मी त्यांना तिथंच दहीभात दिला. शेवटी मेस्त्रीनं मैला ओढणाऱ्या लॉरीला फोन केला. लॉरी येऊन पाइप आत सोडल्यावर काकू उठल्या आणि खुर्ची पुसून परत दिली.

मग जुना खड्डा बुजवला, विहीर उपसली, धुतली, औषध टाकलं, पाणी तपासायला दिलं. पहिल्यांदा वाईट आलं, पुन्हा उपसली. चांगलं आल्यावरच काकू माझ्या घरी पहिला पेलाभर पाणी प्यायल्या. सगळं प्यायल्या. रेखाच्या अंगावर हळूहळू मांस आलं. ललितक्कांच्या नवऱ्याला आम्ही नवा युनिफॉर्म शिवून दिला. जुन्याचं त्यांनी फडकं केलं आणि बरीच वर्षं माझ्यासमोरच त्यानं ओटा पुसला. पण पुसता पुसता बोलायला लागल्या.

टाकीचं झाकण आमच्या अंगणात दारासमोरच आलं. ह्यांना त्यावर फरशी घालायची होती. काकूंनी विचारलं, स्वतःचं तोंड फरशीनं झाकता का? मग मी झाकणावर रांगोळी काढायला लागले. काकूंना विचारलं, चालेल ना? म्हणाल्या, काढ. उपसताना पुसली जाईल, मग परत काढ.

मी दर दोन-तीन महिन्यांनी जमतील तेवढे पैसे घेऊन जायची. काकू ते लगेच घ्यायच्या नाहीत. आधी आमच्याकडे येऊन झाकण बघायच्या, संडासात डोकावायच्या. एकदा त्यांना ॲसिडची बाटली दिसली. हे म्हणाले, त्यानं भांडं चकाचक होतं. काकू म्हणाल्या, टाकीत बारीक जीव असतात, घाण तेच खातात. "तुम्ही कारखान्यातले ना? आत कामगार आहेत, दिवसरात्र पाळीवर. त्यांच्यावर ॲसिड ओतता?" ह्यांनी त्यानंतर बाटली आणली नाही. तळणीचं उरलेलं तेलसुद्धा मोरीत ओतू देत नाहीत. म्हणतात, युनियन आहे.

एकदा काकू मला नजरबादच्या एका कचेरीत घेऊन गेल्या. अर्ज करायचा नव्हता, नुसतं विचारायचं होतं की ह्या शहराचं सांडपाणी शेवटी कुठं जातं. विचारायचं काम त्यांनी मला दिलं. मी इतक्या हळू विचारलं की कारकुनानं पुन्हा पुन्हा "काय?" म्हटलं. काकू बाजूला उभ्या होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी माझा आवाज निघाला. तो म्हणाला, शुद्ध होऊन ओढ्यातून नदीला. आणि नदी? नदी कावेरीला, कावेरी समुद्राला. काकू बसमध्ये खुशीत होत्या. म्हणाल्या, आमचं पश्चिमेच्या समुद्राला जायचं, तुमचं पूर्वेच्या जातं. मी आपली दोन्ही बाजूंची झाले, असंही म्हणाल्या.

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या आणि अंथरुणातून उठल्या नाहीत. मी बघायला गेले तेव्हा फार बोलत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "उपसली?"

मी म्हटलं, उपसली काकू, रांगोळीसुद्धा परत काढली.

"बरं," त्या म्हणाल्या. माझ्याशी तेवढंच बोलल्या. दोन दिवसांनी गेल्या.

शेवटचा हप्ता राहिला होता. वर्षश्राद्ध झाल्यावर मी पैसे पाकिटात घालून समोर गेले. गिरीशला आईनं काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, वहिनी, राहू द्या, एवढ्याशा पैशांचं काय. त्याच्या बायकोनं मला पाणी आणून दिलं. मी पेला हातात घेतला. त्यांचं अंगण नवीन फरशीचं झालं होतं आणि फरशीवर नवीन गाडी उभी होती. तोंडातून निघणार नाही असं वाटत होतं, पण निघालं. मी विचारलं, "टाकी कुठं आहे?"

गिरीशनं गच्चीकडे बोट दाखवलं.

"ती नव्हे," मी म्हटलं.

तो हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. टाकी गाडीखाली होती. झाकणावर फरशी गेली होती. शेवटची कधी उपसली, हे आईला माहीत असायचं, असं म्हणाला. पेला मी तसाच टेबलावर ठेवला, पाकीट माझ्याच हातात ठेवलं आणि सांगितलं की काकू टाकी बघितल्याशिवाय पैसे घेत नव्हत्या, मी बघितल्याशिवाय देणार नाही. एवढं लांब वाक्य मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

दोन दिवसांनी गिरीशनं गाडी बाहेर काढली, फरशी फोडली, झाकण मोकळं केलं. टाकी तोंडापर्यंत आली होती. मी आमच्या घरातून खुर्ची नेली आणि लॉरी येईपर्यंत तोंडाशी बसले. ऊन होतं, ललितक्का छत्री घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. उपसून झाल्यावर, नवीन झाकण बसल्यावर, मी आत जाऊन पेलाभर पाणी प्यायले. मग पाकीट दिलं. गिरीश न मोजताच खिशात घालत होता, मी मोजायला लावले. बरोबर होते. काकूंचे पैसे फिटले.